दारातून परत जाणारा ग्राहक

शनिवारची रात्र. ठाण्यातील एक कुटुंब जेवणे आटोपून दिवाळीच्या सुट्टीचा बेत आखत बसले आहे, अशी कल्पना करा. तारकर्लीला जायचे हे नक्की झाले आहे, प्रश्न उरला आहे तो राहण्याचा. घरातील मुलगी मोबाइलवर शोध घेते आणि समुद्रालगतच्या तीन होम-स्टेंची संकेतस्थळे एकामागून एक उघडते. पहिल्या ठिकाणी पांढऱ्या पडद्यावर नुसते एक चक्र फिरत राहते. दुसऱ्या ठिकाणी खोल्यांची छायाचित्रे सुरेख आहेत. पण भाडे कुठेच दिलेले नाही. ‘दरांसाठी संपर्क साधा’ एवढेच वाक्य आहे. रात्री साडेदहाला फोन करायचा तरी कोणाला? तिसऱ्या ठिकाणी खोल्यांचे दर, जेवणाचा खर्च, कुडाळ स्थानकावरून येण्याची सोय आणि मोकळ्या तारखा एकाच पानावर आहेत. दहा मिनिटांत खोली ठरते आणि मंडळी झोपायला जातात.

यातील पहिल्या दोन होम-स्टेंच्या मालकांना काय घडले याचा पत्ताही लागत नाही. दिवाळी संपल्यावर ते एकमेकांना सांगतात, ‘यंदा सीझन जरा थंडच गेला.’

लहान उद्योजकाने समजून घ्यावे असे या प्रसंगात बरेच काही आहे. पेठेतील दुकानदाराला पायरीवरून परत फिरणारा गिऱ्हाईक डोळ्यांनी दिसतो. त्याला काय हवे होते, भाव जास्त वाटला की माल पसंत पडला नाही, याचा अंदाज दुकानदार बांधतो आणि दुसऱ्या दिवशी त्यानुसार मांडणी बदलतो. संकेतस्थळावर मात्र परत गेलेला ग्राहक दिसत नाही. तो तक्रार करत नाही, कारण सांगत नाही. केवळ मागे जाण्याची खूण दाबतो आणि शेजारच्या दुकानात शिरतो. हा तोटा वहीत कुठेही नोंदला जात नाही आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे चालू राहतो.

‘आमची वेबसाइट आहे’ असे सांगणारे व्यावसायिक आज पुष्कळ आहेत. परंतु संकेतस्थळ असणे आणि त्यावर आलेल्या माणसाचे ग्राहकात रूपांतर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंमधील अंतर कोठे पडते आणि ते कसे भरून काढता येते, हे पाहू या.

सेकंदांचा हिशेब

सर्वांत पहिली गळती संकेतस्थळ उघडण्यापूर्वीच होते. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये प्रतिसादाच्या वेळेच्या तीन मर्यादा मांडल्या. दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात प्रतिसाद मिळाला, तर माणसाला तो तात्काळ वाटतो. एका सेकंदापर्यंत त्याच्या विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर मात्र त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. तंत्रज्ञान तेव्हापासून कितीतरी बदलले. माणसाचा धीर मात्र बदललेला नाही, असलाच तर कमी झाला आहे. ‘गूगल’च्या आजच्या निकषानुसार पानावरील मुख्य चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे.

या कसोटीवर लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे नापास होतात, त्याचे सर्वसाधारण कारण म्हणजे छायाचित्रे. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र सहज चार मेगाबाइटचे असते. अशी आठ छायाचित्रे पहिल्याच पानावर जशीच्या तशी चढवली, तर पानाचे वजन ३२ मेगाबाइट झाले. ग्राहकाच्या मोबाइलला सेकंदाला चार मेगाबिट वेग मिळत असेल, तर तेवढे उतरायला ६४ सेकंद लागतील. एक बाइट म्हणजे आठ बिट, हे येथे लक्षात घ्यावे. हीच आठ छायाचित्रे प्रत्येकी १५० किलोबाइटपर्यंत लहान केली, तर तेच काम अडीच सेकंदांच्या आत होते आणि मोबाइलच्या पडद्यावर दोहोंतील फरक सहसा नजरेला जाणवतही नाही. छायाचित्रे लहान करून देणारी साधने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. हे काम एका दुपारचे आहे आणि त्याला खर्च नाही.

देखाव्याच्या हौसेपायी ग्राहक गमावण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण लंडनमधील ‘बू डॉट कॉम’ या कंपनीचे आहे. फॅशनचे कपडे विकणारे तिचे संकेतस्थळ नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झाले. त्यावर हलती चित्रे होती, कपडा सर्व बाजूंनी फिरवून पाहण्याची सोय होती, खरेदीत मदत करणारे एक बोलके पात्रही होते. परंतु तेव्हा बहुतेक घरांत टेलिफोनच्या तारेवर चालणारा मोडेम होता आणि ही पाने उघडता उघडत नसत. सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्चून मे २००० मध्ये कंपनी बंद पडली. उधळपट्टीसारखी इतरही कारणे होती. पण दुकानात पाऊल टाकणेच ग्राहकाला अवघड व्हावे, ही चूक त्यात मोठी होती.

पडदा बदलला, मांडणी बदलली का?

संकेतस्थळ तयार करून घेताना मालक ते कार्यालयातील संगणकाच्या रुंद पडद्यावर पाहतो आणि पसंत करतो. ग्राहक मात्र ते हातातील मोबाइलवर, बसमध्ये उभ्याने, उन्हात पाहतो. ‘गूगल’ने एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरील शोधात झुकते माप द्यायला सुरुवात केली. पुढे शोधासाठी संकेतस्थळाची मोबाइलवरील आवृत्तीच प्रमाण मानण्याचे धोरण टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि २०२३ मध्ये ते काम पूर्ण झाल्याचे कंपनीने जाहीर केले. याचा सरळ अर्थ असा, की मोबाइलवर जे दिसत नाही, ते शोधयंत्राच्या दृष्टीनेही जवळपास नाहीच.

काही साध्या गोष्टी तपासून पाहाव्यात. अक्षरे वाचण्यासाठी बोटांनी पडदा मोठा करावा लागतो का? फोन क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागतो, की क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा लागतो? क्रमांकामागे ९१ हा देशाचा संकेतांक आहे का? तो नसेल, तर आईवडिलांसाठी परदेशातून खोली ठरवू पाहणाऱ्या मुलाचा फोन तिथेच अडतो. पान उघडताच मजकूर झाकणारी एखादी जाहिरातवजा चौकट पुढे येते का आणि ती बंद करण्याची फुली मोबाइलवर बोटात सापडते का? यातली प्रत्येक अडचण लहान आहे. पण ग्राहक अडचणींची बेरीज करत बसत नाही, तो पहिल्याच अडचणीला निघून जातो.

मराठीतून शोधणाऱ्याला आपण सापडतो का?

मराठी व्यावसायिकांच्या संकेतस्थळांवर एक खास दोष आढळतो. छपाईसाठी तयार केलेले पत्रक जसेच्या तसे चित्र म्हणून चढवले जाते. पत्रकात सर्व माहिती असते: पत्ता, दर, जेवणातील पदार्थ. पण ती माहिती अक्षरांच्या रूपात नसते, चित्राच्या रूपात असते. शोधयंत्राला अशा चित्रातील मजकुराचा भरवसा धरता येत नाही आणि अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही तो सहसा वाचता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमधील मजकूर थेट चिकटवला, तर आणखी पंचाईत होते. ज्या संगणकावर तो फाँट नाही, तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते.

उपाय सोपा आहे. मजकूर युनिकोड मराठीत टंकित करावा आणि तोच आशय इंग्रजीतही द्यावा. ग्राहक जे शब्द वापरतो, ते शब्द पानावर असावेत. ‘आतिथ्याचा अविस्मरणीय अनुभव’ असे कोणी शोधत नाही. ‘तारकर्ली समुद्रकिनाऱ्याजवळ घरगुती राहण्याची सोय’ असे शोधतात. मालवणी जेवण, कोंबडी-वडे, सोलकढी हे शब्द पानावर असतील, तर ते शोधणारा माणूस आपल्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

ग्राहकाच्या मनातील प्रश्न

अनेक संकेतस्थळांचे पहिले पान ‘आमच्याविषयी’ असते. संस्थापकांचे मनोगत, ध्येय, दृष्टिकोन, मिळालेले सत्कार. यात गैर काही नाही. पण ग्राहक आलेला असतो स्वतःचे प्रश्न घेऊन. होम-स्टेचेच उदाहरण घेतले, तर ते प्रश्न असे असतात: एका रात्रीचे भाडे किती आणि त्यात न्याहारी धरली आहे का? समुद्र चालत किती मिनिटांवर आहे? शाकाहारी जेवण मिळेल का? वृद्ध आईसाठी तळमजल्यावर खोली आहे का? गाडी लावायला जागा आहे का? पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, मग नौकाविहार कधीपासून सुरू होतो? ऐनवेळी बेत रद्द झाला, तर आगाऊ रक्कम परत मिळते का?

हे प्रश्न शोधण्यासाठी कोणा सल्लागाराची गरज नाही. गेल्या वर्षभरात फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर ग्राहकांनी काय काय विचारले, याची यादी करावी. जो प्रश्न पाच जणांनी विचारला, तो विचारण्याचे कष्ट न घेता किती जण निघून गेले असतील, याचा विचार करावा आणि त्याचे उत्तर पहिल्याच पानावर द्यावे.

यात सर्वांत नाजूक प्रश्न दरांचा. ‘दर लिहिले तर शेजारी बघतील’, ‘ग्राहक भाव पाहूनच पळेल’, ‘सीझनप्रमाणे भाडे बदलते’ अशी कारणे व्यावसायिक देतात. त्यांत तथ्य नाही असे नाही. पण शेजाऱ्याला आपला दर एका फोनवर कळतो. अंधारात राहतो तो फक्त ग्राहक. आणि दर न दिसल्यास बहुतेक जण ‘महाग असणार’ असाच अर्थ काढतात. निश्चित आकडा देणे शक्य नसेल, तर ‘अमुक रुपयांपासून पुढे’ असे तरी लिहावे आणि सुट्टीच्या दिवसांत भाडे किती वाढते, तेही सांगावे.

विश्वास कशावर ठेवायचा?

माहिती मिळाली तरी पैसे पाठवण्यापूर्वी ग्राहक थबकतो. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या त्याने वाचलेल्या असतात. जुलै २०१८ पासून ‘क्रोम’ हा ब्राउजर ‘एचटीटीपीएस’ ही सुरक्षित व्यवस्था नसलेल्या संकेतस्थळांपुढे ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना दाखवू लागला. पत्त्याच्या पट्टीत ही सूचना पाहून आगाऊ रक्कम कोण पाठवील? त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र विनामूल्यही मिळते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडे ते मागितले की पुरे.

त्यापुढचा विश्वास माणसांच्या खुणांवर बसतो. व्यवसायाचे पूर्ण नाव, खरा पत्ता, नकाशावरील जागा, बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव, स्वतः काढलेली छायाचित्रे. इंटरनेटवरून उचललेला मालदीवचा किनारा तारकर्लीच्या नावावर खपवला, तर जाणता ग्राहक तो ओळखतो आणि मग खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. पानाच्या तळाशी चार वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवाची सवलत अजून झळकत असेल, तर हा व्यवसाय चालू आहे की बंद, अशीच शंका येते.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी हा केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार व्यवसायाचे कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, संपर्काचा तपशील आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, अशीही त्यात तरतूद आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ प्रकारच्या क्लृप्त्यांना मनाई केली. ‘फक्त एकच खोली शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, किंवा सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर आकार वाढवत नेणे, हे त्यातले प्रकार आहेत.

एका रकान्याची किंमत

ग्राहक पटला, खोली पसंत पडली, आता अर्ज भरायचा. येथेही गळती होते. ‘एक्स्पीडिया’ या अमेरिकी पर्यटन कंपनीचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले उदाहरण बोलके आहे. तिच्या अर्जात ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. काही ग्राहकांना वाटले, की येथे आपल्या बँकेचे नाव अपेक्षित आहे. मग पुढच्या पत्त्याच्या रकान्यात ते बँकेचाच पत्ता लिहीत. तो कार्डाच्या नोंदीतील पत्त्याशी जुळत नसे आणि व्यवहार फेटाळला जाई. खरेदी करायला तयार झालेला ग्राहक असा शेवटच्या पायरीवर परत जात होता. कंपनीने तो एक रकाना काढून टाकला आणि त्यातून वर्षाला सुमारे १.२ कोटी डॉलरचा लाभ झाल्याचे सांगितले.

आपल्या चौकशीच्या अर्जाकडे याच नजरेने पाहावे. नाव, मोबाइल क्रमांक, तारखा आणि माणसांची संख्या एवढ्यावर खोली ठरू शकते. जन्मतारीख, व्यवसाय, ‘आमची माहिती कोठून मिळाली’ हे प्रश्न आपल्या सोयीचे आहेत, ग्राहकाच्या नव्हे. ते विचारायचेच असतील, तर तो मुक्कामाला आल्यावर सोलकढी पिता पिता विचारावेत.

अर्ज आला, उत्तर कधी?

उत्तम संकेतस्थळ उभारूनही ग्राहक गमावण्याची एक जागा उरतेच, ती म्हणजे उत्तर देण्यातील दिरंगाई. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,२४१ अमेरिकी कंपन्यांकडे त्यांच्या संकेतस्थळांवरून चौकशी पाठवण्यात आली. त्यांपैकी २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिले नाही. ज्यांनी महिन्याभरात उत्तर दिले, त्यांना सरासरी ४२ तास लागले. त्याच लेखातील दुसऱ्या पाहणीत असे आढळले, की चौकशी आल्यापासून तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांना निर्णय घेणाऱ्या व्यक्तीशी अर्थपूर्ण बोलणे करता येण्याची शक्यता त्यानंतर तासभर उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास सातपट होती.

होम-स्टे चालवणारे जोडपे दिवसभर स्वयंपाक, बाजार आणि पाहुणे यांत गुंतलेले असते, हे खरे. पण ‘चौकशी मिळाली, संध्याकाळी सातपर्यंत फोन करतो’ एवढा निरोप आपोआप जाण्याची सोय व्हॉट्सअॅपच्या व्यावसायिक आवृत्तीत आहे. सांगितलेल्या वेळेला फोन मात्र केलाच पाहिजे. संकेतस्थळावर दिलेला ई-मेल कोण आणि कधी पाहतो, हेही एकदा घरात विचारून पाहावे. अनेकदा तो पत्ता नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाने उघडलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो.

दुकानाची किल्ली कोणाकडे?

पासवर्डचा विषय निघाला आहे, तर मालकीचाही विचार करावा. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. संकेतस्थळ बनवणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर नोंदवलेले असेल आणि पुढे त्याने धंदा बदलला, तर एके दिवशी आपले दुकानच नाहीसे होते. डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते आणि सूचना कोणत्या ई-मेलवर येतात, हे आजच पाहून ठेवावे.

फुकटच्या जागेवर पूर्णपणे विसंबणेही धोक्याचे आहे. ‘गूगल’च्या व्यवसाय नोंदणीबरोबर एक साधे संकेतस्थळ विनामूल्य तयार करून मिळत असे; अनेकांनी त्याचा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि फलकावर छापला. मार्च २०२४ मध्ये ही सोय बंद झाली. काही महिने तो पत्ता व्यवसाय नोंदणीकडे वळवला जात होता, तेही नंतर थांबले. पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असलेली जुनी कार्डे आपण अजून वाटत असू, तर ग्राहकाला बंद दाराकडेच पाठवत आहोत.

पाच माणसे, एक रविवार

एवढे सारे एकदम करणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. आपल्या संकेतस्थळाची गळती नेमकी कोठे आहे, हे आधी पाहावे. नील्सन यांनी २००० मध्ये असे दाखवून दिले, की पाच माणसांना संकेतस्थळ वापरायला देऊन त्यांचे निरीक्षण केले, तरी बहुतेक मोठे दोष उघड होतात. एखाद्या रविवारी पाच ओळखीच्या माणसांना बोलवावे. त्यांत एखादी मावशी, एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी आणि चष्म्याशिवाय वाचता न येणारे एखादे काका असावेत. त्यांच्याच मोबाइलवर, वायफाय बंद करून, ‘दिवाळीत चार जणांसाठी दोन रात्रींची खोली ठरवा’ एवढे सांगावे आणि आपण गप्प बसावे. ‘अहो, ते खाली आहे’ असे सांगण्याचा मोह आवरावा, कारण खऱ्या ग्राहकाशेजारी आपण बसलेले नसतो. ते जिथे अडखळतील, ती जागा वहीत लिहावी. सर्वाधिक जण जिथे अडखळले, ती दुरुस्ती आधी.

थेट आलेला ग्राहक गमावला, की तो नेहमीच दुसऱ्या होम-स्टेकडे जातो असे नाही. कधी तो एखाद्या मोठ्या बुकिंग पोर्टलवरून फिरून आपल्याकडेच येतो. तेव्हा त्याच खोलीच्या भाड्यातून कमिशन कापले जाते. घर आपले, स्वयंपाक आपला, कष्ट आपले, तरी मिळकतीचा एक हिस्सा दर सीझनला बाहेर जातो. केवळ आपले स्वतःचे दार नीट उघडत नाही म्हणून.

तेव्हा येत्या रविवारी आपले संकेतस्थळ आपणच ग्राहक होऊन मोबाइलवर उघडून पाहा. चक्र किती वेळ फिरते, हे घड्याळ लावून मोजा. भाडे सापडते का, फोन लागतो का, पाठवलेल्या चौकशीला उत्तर येते का, ते बघा. जिथे आपल्याला कंटाळा येईल, तिथूनच आपले ग्राहक परत जात आहेत, हे निश्चित समजावे.